पोटातल्या लेकरापर्यंत कोणतं तेल-तूप पोचतं?

नववा महिना लागला की आपल्याकडे तुपाचा डबा हाताशी येतो. गरम दुधात चमचाभर, वरणभातावर पळीभर, आणि काही घरांत तर सकाळी उठल्या उठल्या वाटीभर तूप प्यायला देतात. ‘तूप प्यालं की वाट मऊ होते, लेकरू घसरून बाहेर येतं,’ असं सांगणारी एखादी आजी किंवा मोठी जाऊ नांदेडकडच्या नायगाव तालुक्यातल्या कोणत्याही गावात भेटेल. त्यामागची माया खरी आहे. पण तूप पोटात गेलं की पचतं आणि आतड्यातून रक्तात जातं. प्रसूतीच्या वाटेशी त्याचा संबंध येत नाही. आणि लेकराच्या वाढीसाठी म्हणून ते देत असाल, तर नवव्या महिन्यात बराच उशीर झालेला असतो.

गरोदरपणात स्निग्ध पदार्थ लागतातच, त्याबद्दल दुमत नाही. कोणते, कधीपासून, आणि ते लेकरापर्यंत नेणारी वार धड आहे का, एवढं समजून घेतलं तर घरातल्या घरात बरंच काही करता येतं.

वार आपल्याला दिसते ती बाळंतपणानंतर, तीही घाईघाईत. पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलोची, ताटलीसारखी गोल. आईच्या बाजूने गडद लाल, पंधरा-वीस मांसल खंडांची. बाळाच्या बाजूने गुळगुळीत, चकाकणारी, नाळेपासून चहूकडे पसरलेल्या निळसर शिरांची. सिस्टर ती उलटसुलट करून बघतात, एखादा तुकडा आत तर राहिला नाही ना याची खात्री करतात, आणि मग ती टाकून दिली जाते. तिच्या आत केसासारख्या बारीक फांद्यांचं जाळं असतं. ते सगळं उलगडून पसरलं तर दहा बाय बाराच्या खोलीची फरशी झाकेल. आईचं रक्त त्या फांद्यांच्या बाहेरून वाहतं, बाळाचं आतून. दोन्ही रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत. जे काही जायचं ते मधल्या पातळ थरातून जातं.

आईच्या रक्तातली चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात, प्रथिनांच्या वेष्टनात फिरते. ती अख्खी त्या थरातून जाऊ शकत नाही. वारेच्या पृष्ठभागावर लायपेज नावाची पाचक द्रव्यं असतात. ती चरबी फोडून तिची मेदाम्लं सुटी करतात. मग वाहक प्रथिनं ती आत ओढून घेतात. आत गेल्यावर काही मेदाम्लं वार स्वतःच्या इंधनासाठी जाळते, काही थेंबांच्या रूपात साठवते आणि बाकीची बाळाकडे पाठवते. यात ती निवड करते. डीएचए हे ओमेगा-३ गटातलं आणि ॲराकिडोनिक हे ओमेगा-६ गटातलं मेदाम्ल ती झुकत्या मापाने बाळाला देते. म्हणून नाळेच्या रक्तात या दोन्हींचं प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षा जास्त आढळतं. मेंदूच्या पेशींची आवरणं आणि डोळ्याचा पडदा घडवायला डीएचए लागतं, आणि त्याची मोठी मागणी शेवटच्या तीन महिन्यांत असते. मात्र वारेला स्वतःला ही मेदाम्लं पुरेशी बनवता येत नाहीत. बाळालाही नाही. आईच्या रक्तात जे येईल त्यातूनच वार निवडणार. आईकडेच नसेल तर वार कितीही चांगली असली तरी आणणार कुठून?

वेळेचा मुद्दा इथेच येतो. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात आईचं शरीर चरबी साठवतं, मांड्या-कंबर भरतात. शेवटच्या तिमाहीत हार्मोन ती साठवण मोकळी करतात. रक्तातले ट्रायग्लिसराइड दुपटी-तिपटीने वाढतात आणि वारेतून बाळाकडे जाऊ लागतात. (सातव्या-आठव्या महिन्यात कुणी कोलेस्टेरॉलची तपासणी करून आणली आणि आकडे वाढलेले दिसले तर म्हणूनच घाबरू नये, त्या दिवसांत ते वाढतातच.) चौथ्या, पाचव्या, सहाव्या महिन्यात आईने जे साठवलं त्यावर शेवटचे तीन महिने बऱ्याच अंशी चालतात.

याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रातला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला. या बाया आपल्याच आयाबहिणींसारख्या: शेतात राबणाऱ्या, गरोदर राहण्याआधी सरासरी ४२ किलोच्या आसपास वजन असलेल्या, दिवसाला सुमारे १८०० किलोकॅलरी खाणाऱ्या. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोच्या जवळपास भरली. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून अधिक हलकी. हातपाय बारीक, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र तितकीशी कमी नाही. अशी बाळं पुढे मधुमेहाकडे लवकर झुकतात, म्हणून या अभ्यासाला जगभर मान मिळाला. आपल्या कामाचा निष्कर्ष असा की एकूण किती कॅलरी किंवा किती प्रथिनं खाल्ली याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. पण अठराव्या आठवड्यात, म्हणजे पाचव्या महिन्यात, ज्यांच्या जेवणात स्निग्ध पदार्थ जास्त होते त्यांची बाळं लांबीला आणि वजनाला सरस निघाली. दूध, फळं आणि हिरव्या पालेभाज्या वारंवार खाणाऱ्यांचीही. आणि ज्या बायांवर शेतातल्या व घरातल्या कष्टाच्या कामाचा बोजा जास्त होता, त्यांची बाळं लहान भरली.

म्हणून तूप बंद करू नका. ते फक्त पाच महिने अलीकडे आणा. तिसरा सरत आला, उलट्या थांबल्या, की भाकरीवर-वरणावर रोज दोन लहान चमचे तूप चालेल. वाटीभर तूप कधीच नको. त्याने मळमळ वाढते आणि भाकरी, वरण, भाजी यांची जागा ते खातं. दुसऱ्या तिमाहीपासून गरोदर बाईला रोजच्यापेक्षा सुमारे ३५० किलोकॅलरी जास्त लागतात. म्हणजे एक मध्यम ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि अर्धा पेला दूध एवढंच जास्तीचं. ‘दोन जिवांची आहे, दोघांचं खा’ हे जितकं चूक, तितकंच ‘कमी खा, लेकरू लहान राहिलं तर बाळंतपण सोपं जातं’ हेही. दुसरं जास्त घातक, कारण त्यातून जन्माला येतं ते अडीच किलोच्या आतलं लेकरू.

आता तुपाहून महत्त्वाची गोष्ट. तुपात डीएचए नसल्यासारखंच. मग ते आपल्या भागात येणार कुठून? समुद्र दूर, घरोघरी माळकरी. अशा ठिकाणी आपलं जुनं धान्य कामाला येतं ते म्हणजे जवस. रब्बीच्या ज्वारीत करडईचे पट्टे आणि कडेला थोडं जवस पेरायची रीत मराठवाड्यात होती. सोयाबीन-हरभऱ्याच्या चक्रात ती मागे पडली, तरी किराणा दुकानात जवस अजून मिळतं. जवसात सुमारे ४० टक्के तेल असतं आणि त्या तेलातलं निम्म्याहून अधिक मेदाम्ल ओमेगा-३ गटातलं, अल्फा-लिनोलेनिक. दहा ग्रॅम जवसात ते दोन ग्रॅमच्या आसपास मिळतं. या अल्फा-लिनोलेनिकमधून शरीर स्वतः डीएचए बनवतं, पण फारच थोडं. म्हणून जवस हा पाया समजा, सगळी इमारत नव्हे.

चटणी करताना जवस कोरड्या कढईत मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. करपू देऊ नका. गार झालं की लसूण, लाल तिखट, मीठ, हवं तर थोडं जिरं घालून कुटा. कुटणं गरजेचं आहे. अख्खं जवस पोटातून तसंच बाहेर पडतं. चटणी थोडीथोडी करा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आठ-दहा दिवसांत संपवा, कारण हे तेल लवकर खवट होतं. दिवसाला एक-दोन चमचे भाकरीबरोबर, वर थोडं दही. एवढंच प्रमाण पुरे. गरोदरपणात जवसाचं तेल औषधासारखं चमच्याने पिऊ नका, कॅप्सूलही स्वतःहून घेऊ नका. चटणीच्या मापात खाणं आणि तेल पिणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

रोजच्या फोडणीच्या तेलाबद्दल बायका नेहमी विचारतात. करडईचं तेल आपलं, हृदयाला चांगलं म्हणून नावाजलेलं. पण त्यात तीन चतुर्थांश ओमेगा-६ असतं आणि ओमेगा-३ जवळपास नाही. सूर्यफुलाचंही तसंच. शरीरात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांच्यावर एकच पाचक द्रव्य काम करतं. एकाची गर्दी झाली की दुसऱ्याला वाव मिळत नाही. त्यामानाने सोयाबीन तेलात सुमारे ७ टक्के आणि मोहरीच्या तेलात १० टक्क्यांच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक असतं. सोयाबीन तर आपल्या शेतातलं. तेव्हा गरोदर बाई घरात असेल तर एकाच तेलाला चिकटून राहू नका: एक महिना सोयाबीन, एक महिना शेंगदाणा किंवा करडई, असं आलटून पालटून वापरा. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. वनस्पती तुपातली बालुशाही, बेकरीचे खारी-टोस्ट, गाड्यावरची भजी हे कमीत कमी. या पदार्थांतली ट्रान्स मेदाम्लं वारेतून बाळाकडे जातात आणि डीएचए बनण्याच्या कामात अडथळा आणतात. २०२२ पासून देशात खाद्यतेल-तुपातल्या ट्रान्स मेदाम्लांवर २ टक्क्यांची मर्यादा आली आहे. पण वारंवार जाळलेल्या तेलाच्या कढईवर कायद्याची नजर कुठे पोचते?

मांसाहार चालत असेल तर मार्ग सोपा आहे. रोज एक उकडलेलं अंडं द्या. त्यात थोडं तयार डीएचए असतं, शिवाय ते आईच्या यकृतातून बाहेर नेण्यासाठी लागणारं कोलीन आणि बी-१२ असतं. गोदावरी-मन्याडच्या काठाला रोहू, कटला, मरळ मिळतात. समुद्री माशांइतकं डीएचए त्यांत नसलं तरी आठवड्यातून दोनदा कालवण करायला हरकत नाही. तळून खाण्यापेक्षा कालवण बरं. अंडं ‘गरम’ पडतं म्हणून गरोदर बाईला नाकारणारी घरं मी पाहिली आहेत. उन्हाळ्यातही रोजचं एक अंडं तिला बाधत नाही, फक्त ते पूर्ण शिजलेलं असावं.

आणि शाकाहारी घरांचं काय? तिथे मला सर्वांत जास्त काळजी बी-१२ ची वाटते. पुण्याच्या त्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ कमी आढळलं. डीएचएला आईच्या यकृतातून रक्तात आणायचं तर ते एका विशिष्ट स्निग्ध रेणूवर बसवावं लागतं, आणि तो रेणू बनवण्याच्या साखळीत बी-१२ आणि फॉलिक ॲसिड दोन्ही लागतात. पुण्यात भारती विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत डॉ. साधना जोशी यांच्या गटाने या साखळीवर आणि वारेतल्या मेदाम्लांवर अनेक वर्षं काम केलं आहे. गरोदरपणातला रक्तदाब, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया, झालेल्या मातांच्या वारेत डीएचए कमी असल्याचं त्यांना आढळलं. फॉलिक ॲसिडची गोळी सरकारी दवाखान्यात सगळ्यांना मिळते, ती घ्यायचीच. पण बी-१२ त्या गोळीतून मिळेल असं गृहीत धरू नका. ते मिळतं दूध, दही, ताक, अंडी, मांस-मासे यांतूनच. कोणत्याही धान्यात, डाळीत वा भाजीत ते नसतं. अर्धा लिटर दुधातून जवळपास दोन मायक्रोग्रॅम मिळतं, गरज त्याहून थोडीच जास्त. तेव्हा घरचं सगळं दूध डेअरीला घालून गरोदर सुनेला काळा चहा देणं थांबलं पाहिजे. अर्धा लिटर दूध तिच्या नावाचं वेगळं काढा, दूध म्हणून वा दही म्हणून. हातापायाला मुंग्या, जीभ लाल-गुळगुळीत, गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, अशी लक्षणं असतील तर डॉक्टरांना बी-१२ बद्दल थेट विचारा.

डीएचएच्या कॅप्सूल हा महाग विषय आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. २०१८ मध्ये जगभरच्या ७० चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या; ओमेगा-३ च्या पूरक मात्रेमुळे दिवस भरण्याआधीची बाळंतपणं सुमारे ११ टक्क्यांनी आणि ३४ आठवड्यांच्या आतली ४२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. पण आपल्या शेजारच्या बेळगावात जवळपास साडेनऊशे गरोदर बायांवर झालेल्या चाचणीत रोज ४०० मिलिग्रॅम शेवाळातलं डीएचए देऊनही, वर्षाच्या बाळांच्या बौद्धिक वाढीत फरक दिसला नाही. म्हणजे कॅप्सूलने लेकरू हुशार होतं हा जाहिरातीचा दावा आपल्या मातीत टिकलेला नाही. आधी दिवस न भरता बाळंतपण झालेलं असेल, किंवा मासे-अंडी अजिबात चालत नसतील, तर २०० ते ३०० मिलिग्रॅमची शेवाळापासूनची शाकाहारी कॅप्सूल डॉक्टरांशी बोलून घ्यावी. ऐपत नसेल तर कर्ज काढू नका. त्या पैशांचं दूध, अंडी आणि पालेभाजी आणा.

उपवासाबद्दल बोललं पाहिजे. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र. गरोदर असूनही बाया नेटाने धरतात. गरोदर बाई बारा-चौदा तास उपाशी राहिली की तिचं शरीर इतरांपेक्षा फार लवकर साखर सोडून चरबी जाळू लागतं आणि रक्तात कीटोन वाढतात. ते वारेतून बाळाकडे जातात. एकादशीला फराळ केला, भगर-शेंगदाण्याची आमटी, दूध, फळं दिवसातून चार-पाच वेळा घेतली तर ठीक. निर्जळी नको. आणि उपवास नसतानाही रात्री सातला जेवून सकाळी दहाला पहिली भाकरी, असं अनेकींचं चालतं. झोपताना पेलाभर दूध, उठल्यावर शिळी भाकरी-दूध किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे, एवढ्याने हे अंतर मोडतं.

रक्तात साखर जास्त असेल तर वारेचं काम बिघडतं. तिच्यात चरबी साठून राहते, जळणं मंदावतं, बाळाच्या अंगावर चरबी जास्त चढते आणि डीएचए मात्र कमी पोचतं. बारीक अंगाच्या बाईलाही गरोदरपणात मधुमेह होतो, ‘आमच्या घरात कुणाला साखर नाही’ यावर विसंबू नका. पहिल्याच भेटीत आणि पुन्हा चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर गरोदर मातांना तपासतात. त्या दिवशी नायगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि वजन, रक्तदाब, लघवीतलं प्रथिन, हिमोग्लोबिन, साखर हे सगळं कार्डावर लिहून घ्या. आशाताईंना सोबत घ्या, त्यांना हे सगळं ठाऊक असतं.

शेवटी एक दुर्मीळ पण जिवावर बेतणारा आजार सांगते, कारण तो मेदाम्लांच्या जळण्याशी जोडलेला आहे. काही बाळांना लांब साखळीची मेदाम्लं जाळणारं पाचक द्रव्य जन्मतः नसतं. वार बाळाच्याच पेशींची असल्यामुळे तिच्यातही ते नसतं. मग अर्धवट जळलेली मेदाम्लं आईच्या रक्तात येतात आणि तिच्या यकृतात चरबी साचून ते अचानक निकामी होऊ शकतं. हा दोष आई आणि वडील दोघांकडून एकेक वाटा आला तरच बाळात उतरतो. आपल्याकडे मामाच्या-आत्याच्या घरात सोयरीक करण्याची चाल आहे. तिथे अशा दोषांची शक्यता वाढते. आधीच्या खेपेला असा यकृताचा आजार झाला असेल किंवा घरात तान्हं बाळ अचानक दगावलं असेल, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा आणि नवजात बाळाची तपासणी मागा. यकृताच्या या आजारामागे दर वेळी हाच दोष असतो असं नाही. जुळ्यांच्या गर्भारपणातही हा आजार जास्त दिसतो.

सातव्या महिन्यानंतर पुन्हा सुरू झालेल्या उलट्या, बरगडीखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वर दुखणं, पिवळे डोळे, न भागणारी तहान, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडा-हाताला सूज, रक्तदाब १४०/९० किंवा वर: यातलं काहीही दिसलं तर ते पित्त समजून सोडा-लिंबू पाजत बसू नका, काविळीचं झाडपाल्याचं औषध आणायला गावोगाव फिरू नका. १०८ ला फोन करा आणि नांदेडला हलवायला सांगतील तर रात्रीच निघा. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत नायगावहून तासाभराहून जास्त वेळ लागतो, आणि या आजारात बाळंतपण वेळेत उरकणं हाच इलाज आहे.